वचक की विश्वास?

घोडा 'बुजतो' असे आपण मराठीत म्हणतो. कुत्रा घाबरतो, मांजर दचकते, पण बुजणे हा शब्द आपण जास्त करून घोड्या-बैलांसाठी राखून ठेवला आहे. त्यातूनच 'बुजरे मूल' हा शब्दप्रयोग आला. रस्त्याच्या कडेला प्लॅस्टिकची पिशवी वाऱ्याने फडफडली की चार-पाचशे किलो वजनाचे हे धिप्पाड जनावर चारही पाय रोवून उभे राहते, नाहीतर उधळते. पाहणाऱ्याला हसू येते.

पण घोड्याच्या जागी उभे राहून विचार केला तर त्यात हसण्यासारखे काही नाही. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे. लाथ आणि दात त्याच्याकडे आहेत, पण खरा भरवसा पळण्यावर. हजारो पिढ्या तो पळाला म्हणून जगला. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, त्यामुळे त्याला जवळजवळ सभोवारचे, म्हणजे ३५० अंशांपर्यंतचे दिसते. कपाळाच्या अगदी समोरचा आणि शेपटीमागचा थोडासा भाग तेवढा दिसत नाही. आता गंमत पाहा. वाघ-सिंह मोठ्या जनावरावर झेप घेतात ती बहुधा पाठीमागून किंवा पाठीवर. आणि नेमक्या त्याच जागी माणूस खोगीर घालून बसतो! अशा प्राण्याने माणसाला पाठीवर बसू द्यावे, इतकेच नाही तर त्याच्या सांगण्यावरून ज्या वस्तूची भीती वाटते तिच्याजवळ जावे, हे खरोखर आश्चर्य आहे. ते कसे घडते? आणि जे घडते त्याला आपण 'विश्वास' म्हणतो, तो खरोखर विश्वासच असतो का?

बुजणाऱ्या घोड्यावर माणसाने फार पूर्वीपासून दोन उपाय केले. पहिला चाबूक. दुसरा झापड. टांग्याच्या घोड्याच्या डोळ्यांना दोन्ही बाजूंनी चामड्याची झापडे बांधत, म्हणजे बाजूचे काही दिसायला नको आणि बुजायला नको. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्यांचे घोडे आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी पाहिले असतील. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने त्या गाड्या बेकायदेशीर ठरवल्या. टांगेवाल्याला मी दोष देणार नाही. भरल्या रस्त्यावर, मागे बस भोंगा वाजवत असताना, घोड्याची समजूत काढत बसायला त्याला वेळ कुठला? पण झापड भीती घालवत नाही, ती फक्त झाकते. झापड निसटली की घोडा पुन्हा जिथल्या तिथे.

तिसरा उपाय सुमारे २४०० वर्षांपूर्वी एका ग्रीक सेनानीने लिहून ठेवला. झेनोफन हे त्याचे नाव. तो सॉक्रेटिसच्या शिष्यमंडळातला, स्वतः घोडदळात वावरलेला. घोडेस्वारीवर त्याने एक छोटा ग्रंथ लिहिला तो आजही वाचला जातो. त्यात तो सांगतो की घोडा एखाद्या वस्तूला बुजला तर त्याला मारू नये. त्या वस्तूला आधी आपण हात लावून दाखवावा, मग त्याला हळूहळू तिच्याजवळ न्यावे. मारले तर घोड्याची भीती वाढतेच, कारण अंगाला झालेली वेदनाही त्या वस्तूमुळेच झाली असे त्याला वाटते. किती साधी गोष्ट! घोड्याजवळ रागाने कधीही जाऊ नये, असेही त्याने बजावले आहे. हा माणूस काही कनवाळूपणासाठी प्रसिद्ध नव्हता. त्याला लढाईत कामी येणारा घोडा हवा होता. तरीही मारून शिकवलेल्या घोड्याची चाल त्याला पसंत नव्हती.

सिकंदराची गोष्ट याच जातीची आहे. प्लुटार्क सांगतो की त्याचे वडील फिलिप यांच्याकडे ब्युसेफॅलस नावाचा घोडा विकायला आला, किंमत १३ टॅलेंट. तो कुणालाच जवळ येऊ देईना. पोरसवदा सिकंदराच्या लक्षात आले की घोडा स्वतःच्याच सावलीला बुजतो आहे. त्याने घोड्याचे तोंड सूर्याकडे वळवले, थोडा वेळ अंगावरून हात फिरवत त्याच्याबरोबर चालला, अंगावरचा झगा हळूच खाली टाकला आणि मग मांड टाकली. गोष्टीत मीठमसाला किती ते देव जाणे. पण सांगणाऱ्याने शौर्य कशात पाहिले ते लक्षात घ्या. बाकीचे घोडा किती दांडगा आहे ते पाहत होते, हा मुलगा घोडा कुठे पाहतो आहे ते पाहत होता.

आता प्रत्यक्ष शिकवणे कसे चालते ते थोडक्यात सांगतो, कारण आपला प्रश्न तिथेच दडलेला आहे. घोड्याला शब्द कळत नाहीत, तो स्पर्श आणि दाब ओळखतो. स्वार पायाने पोटाजवळ हलकासा दाब देतो. घोडा एक पाऊल पुढे टाकतो. त्याच क्षणी दाब सुटला पाहिजे. लगामाचेही तसेच. घोडा शिकतो तो दाबातून नव्हे, दाब सुटण्यातून. 'हे केले की त्रास थांबतो' हे त्याला त्या क्षणी उमगते. जो स्वार घोड्याने ऐकल्यावरही टाच मारत राहतो, लगाम ताणूनच धरतो, तो घोड्याला एकच शिकवतो की ऐकून काही उपयोग नाही. अशा घोड्याचे तोंड आणि बरगड्या हळूहळू बधिर होतात, मग मालक म्हणतो, 'हा निबर आहे, याला काटेरी लगाम घाला.' चूक कुणाची ते सांगायला नको. संत याकोबाच्या पत्रात घोड्याच्या तोंडातल्या लगामाचा दाखला आहे. लहानशा वस्तूने एवढे मोठे शरीर वळवता येते, हा त्याचा रोख. खरे आहे, आणि म्हणूनच तो लगाम ज्या हातात आहे त्या हाताची जबाबदारी मोठी.

व्हिएन्नाच्या 'स्पॅनिश रायडिंग स्कूल'मध्ये लिपिझानर जातीचे घोडे शिकवतात. ही शिंगरे जन्मतः काळसर असतात आणि वाढत्या वयाबरोबर पांढरी होत जातात. तिथे तरुण घोड्याला साधारण चौथ्या वर्षी हात लावतात आणि पुरता तयार व्हायला पुढे सहा-एक वर्षे लागतात. तिथली एक पद्धत मला फार आवडते. नवशिक्या मुलाला जाणत्या, बुजुर्ग घोड्यावर बसवतात आणि नवख्या घोड्यावर जाणता स्वार बसतो. नवशिक्या मुलाला बराच काळ लगामही मिळत नाही आणि रिकीबही नाही. शिक्षक लांब दोरीने घोडा गोल फिरवतो आणि मुलगा नुसता तोल सांभाळून बसायला शिकतो. घोड्याच्या तोंडाशी ज्याचा संबंध येणार त्याचा हात आधी स्थिर झाला पाहिजे, हा त्यामागचा विचार.

इतका वेळ कुणाला आहे? हा प्रश्न तुमच्याही मनात आला असेल. वेळ वाचवणारी पद्धत होतीच. घोडा शिकवणाऱ्याला आपल्याकडे 'चाबूकस्वार' म्हणत, त्या शब्दातच पुष्कळ काही आले. इंग्रजीत तर घोडा शिकवण्याला घोडा 'मोडणे' म्हणत आले आहेत. पाय बांधायचे, खाली पाडायचे, धडपडून थकेपर्यंत दाबून ठेवायचे. काही तासांत घोडा शांत होतो. मग त्याच्यावर खोगीर टाका, पिशवी फडफडवा, तो हलत नाही.

आणि इथे आपली खरी अडचण सुरू होते. दुरून पाहणाऱ्याला मोडलेला घोडा आणि माणसाळलेला घोडा सारखेच दिसतात. दोघेही उभे राहतात, दोघेही ऐकतात. उलट पहिला जास्तच आज्ञाधारक वाटेल. फरक कळतो तो दोर सोडल्यावर. मोकळ्या कुरणात माणूस दिसताच एक लांब निघून जातो, दुसरा मान वर करून पाहतो आणि कदाचित जवळही येतो. आणखी एका वेळी कळतो. अचानक मोठा आवाज झाला की एक माणसापासून दूर पळतो, दुसरा आधी माणसाकडे पाहतो. ज्याने पळून जायची वाट बंद ठेवली होती, त्याला आपल्या घोड्याचा विश्वास आहे की नाही हे कधी कळायचेच नाही.

'वचक असला पाहिजे' हे वाक्य आपल्या घरांत, शाळांत, संस्थांत किती सहज बोलले जाते! वडील घरात आले की मुले गप्प होतात, आणि पाहुणे म्हणतात, किती वळण आहे हो! असेलही वळण. ते कळायला मुले मोठी होऊन आपापल्या वाटेला लागावी लागतात. वचक मुळीच नको, असे मी म्हणत नाही. भरधाव गाडीसमोर जाणाऱ्या पोराला हाताला धरून ओढावेच लागते, आणि घोड्यालाही मर्यादा लागते. नाहीतर तो माणसाला तुडवील. प्रश्न दाबाचा नाही, तो सोडता येतो की नाही याचा आहे.

कुणी म्हणेल, मग वरवर शांत राहू, आतून काहीही वाटो. घोड्यासमोर हे चालत नाही. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये 'हान्स' नावाचा घोडा गाजला होता. गणित विचारले की तो खूर आपटून उत्तर देई. १९०७ साली ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकाने उलगडा केला. घोड्याला गणित येत नव्हते. उत्तराचा आकडा जवळ येताच विचारणाऱ्याच्या चेहऱ्यात आणि अंगात जो सूक्ष्म ताण-सैलपणा येई तो हान्स टिपत होता. विचारणाऱ्याला स्वतःला त्याचा पत्ताही नसे. २००९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला. घोडा नेणाऱ्या माणसांना सांगितले की या फेरीला घोड्यासमोर छत्री उघडली जाणार. छत्री उघडलीच नाही. पण माणसाच्या हृदयाचे ठोके वाढले आणि त्याबरोबर घोड्याचेही. धीराचे सोंग घोड्यापुढे वठत नाही. स्वाराला घोडा शांत हवा असेल तर आधी स्वतःला शांत व्हावे लागते, आणि हे काम घोड्याला शिकवण्यापेक्षा कितीतरी अवघड.

इथपर्यंत सगळे छान आहे. पण एक प्रश्न मला सतावतो, आणि घोड्यावर प्रेम करणारी माणसे तो फारशी बोलत नाहीत. हा विश्वास मिळवायचा कशासाठी? घोड्याने काही आपल्याला पाठीवर बसा म्हणून बोलावले नव्हते. माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी ठेवून घोड्यावर बसलेल्या पर्यटकाला वाटते, घोडा माझे ऐकतो. तो ऐकतो पुढे चालणाऱ्या घोडेवाल्याचे. तो विश्वास घोडेवाल्याने कमावलेला, आणि आपण तो तासाच्या भाड्याने घेतलेला असतो. हे झाले निरुपद्रवी उदाहरण. २३ सप्टेंबर १९१८ रोजी हैफा शहरावर जोधपूर आणि म्हैसूर संस्थानांच्या घोडदळांनी भाले सरसावून हल्ला केला आणि ते जिंकले. समोर मशीनगन आणि तोफा होत्या. फडफडणाऱ्या पिशवीला बुजणारा प्राणी गोळीबाराच्या दिशेने दौडत गेला. दिल्लीत त्या मोहिमेतील सैनिकांच्या स्मरणार्थ तीन मूर्ती स्मारक आहे. तिथे तीन सैनिकांचे पुतळे आहेत, घोडा नाही.

त्या स्वारांना मी नावे ठेवीत नाही. तेही त्याच गोळ्यांसमोर होते, आणि घोड्याबरोबर मेले. पण घोड्याच्या बाजूने पाहिले तर पळून जाण्याची जी उपजत बुद्धी त्याला वाचवत आली होती, तीच आपण वर्षानुवर्षे धीराने, प्रेमाने शिकवून बाजूला ठेवायला लावली. मारून शिकवलेल्या घोड्यावर आपण फक्त जबरदस्ती केली असती. विश्वासाने शिकवलेल्या घोड्याचे आपण देणेही लागतो. मला वाटते, प्रेमळ स्वाराची जबाबदारी क्रूर स्वारापेक्षा हलकी नसते, ती जडच असते.

ते देणे बहुतेक वेळा बुडवले जाते. पहिले महायुद्ध संपल्यावर ब्रिटिश सैन्याने आपले हजारो घोडे इजिप्तमध्येच विकून टाकले. घरी नेण्याचा खर्च परवडणारा नव्हता. ते दगड वाहणाऱ्या गाड्यांना जुंपले गेले. १९३० साली डोरोथी ब्रुक ही एका ब्रिटिश सेनाधिकाऱ्याची पत्नी कैरोला आली, तेव्हा त्यांतले काही अजून जिवंत होते. आंधळे, लंगडे, हाडांचे सापळे झालेले, पण गाडी ओढत होते. तिने १९३१ साली लंडनच्या 'मॉर्निंग पोस्ट'मध्ये पत्र लिहून पैसे मागितले आणि लोकांनी दिलेही. त्यातून तिने सुमारे ५,००० घोडे विकत घेतले. ज्यांच्याकडून ते घेतले ते गाडीवाले स्वतःच गरीब, म्हणून त्यांना रोख किंमत मोजली. बहुतेक घोडे बरे होण्यापलीकडे गेले होते. त्यांना थोडा विसावा आणि पोटभर चारा देऊन, मग वेदना न होता मरण दिले. १९३४ साली तिने कैरोत घोड्यांसाठी मोफत रुग्णालय सुरू केले. त्या घोड्यांना शिकवणारी, युद्धात त्यांच्यावर बसलेली माणसे दुसरीच होती. तिचा त्यांच्याशी काहीच करार नव्हता.