राजीखुशीचा विक्रेता

काही माणसे फक्त कायद्याच्या पुस्तकांतच राहतात. त्यांतला माझा सर्वांत लाडका म्हणजे राजीखुशीने जमीन विकणारा मालक. नगरपालिकेला रस्त्यासाठी तुमची जागा हवी झाली, की तिचा भाव कसा ठरवायचा? तर राजीखुशीने विकणाऱ्याला राजीखुशीने घेणारा जो भाव देईल, तो. कोर्टांची ही जुनी कसोटी. आता हा गृहस्थ खरोखरच राजी असता, तर भूसंपादनाची नोटीस कशाला लागली असती? त्या जागेवर जो नक्की नसतो, तो हा. आणि भाव मात्र ह्याला विचारून ठरतो!

१८९४ च्या भूसंपादन कायद्याने तर कडीच केली होती. भरपाई ठरवताना काय काय धरायचे नाही, याची त्यात यादी होती. तीत मालकाची 'जागा सोडण्याची नाखुशी'ही होती. म्हणजे रडायचे असेल तर खुशाल रडा, पण हिशेबाच्या वहीवर टिपे पडू देऊ नका. पण कायद्यालाही कुठेतरी मन असावे. जागा सक्तीने घेतली म्हणून भावावर आणखी १५ टक्के द्यावेत, अशी सोयही त्यातच होती. हिला म्हणतात दिलासा रक्कम. १९८४ साली ती ३० टक्के झाली आणि २०१३ च्या नव्या कायद्याने १०० टक्के. माणसे काही सातपट हळवी झाली नाहीत. नाखुशी वहीत यायला एवढी वर्षे लागली, इतकेच.

समजा, रस्तारुंदीत एका आजोबांची पडवी जाते आहे. मोजणीवाला टेप गुंडाळत म्हणतो, "आजोबा, नऊ फूट जातंय. भरपाई मिळेल हो."

"ते मिळेल रे बाबा, पण संध्याकाळी बसू कुठं?"

"त्याला रकाना नाही."

खरे आहे. भिंतीला रकाना आहे, पत्र्याला आहे, दारच्या आंब्यालाही आहे. पण येणाऱ्या-जाणाऱ्याला "काय, बाजारात का?" असे विचारण्याच्या हक्काला नाही. शहरांतून रोख रकमेऐवजी हस्तांतरणीय विकास हक्क घ्या असेही म्हणतात. मुंबईत ही सोय १९९१ पासून आहे. जमिनीवरचे घेऊन हवेतले द्यायचे! बिल्डर त्यावर मजले चढवील. आजोबा त्यावर आरामखुर्ची कशी टाकणार?

मग रस्ता नकोच का? छे हो! रात्री आजोबांच्या छातीत दुखले तर रुग्णवाहिका ह्याच गल्लीतून यायची आहे. प्रत्येकाने आपापली पडवी कवटाळली, तर रस्ते फक्त नकाशावर होतील. पण रस्ता साऱ्या गावाचा, तर त्याचे बिल एकट्या आजोबांच्या नावावर का? भरपाईचे सारे तत्त्वज्ञान एवढेच आहे. ती उपकार नव्हे, गावाने आपला वाटा भरणे आहे. म्हणून ती पुरती हवी, आणि पडवी पाडण्याच्या आधी हवी.

तरी थोडे देणे उरतेच. नाखुशीचे पैसे देता येतात, पण ती ऐकून घ्यावी लागते. मोजणीवाल्याने पडवीत दोन मिनिटे टेकून आजोबांचा चहा घेतला, तर पालिकेच्या तिजोरीतून एक पैसाही जात नाही. पण त्यालाही रकाना नाही ना!