चैतन्याचे विशेषण आणि कौतिकचा प्रश्न

उद्धव शेळके यांच्या ‘धग’ (१९६०) या कादंबरीतील कौतिकचे वर्णन इंग्रजीत कोणत्या विशेषणाने करावे, हा प्रश्न वरवर पाहता शब्दकोशाचा वाटतो. अमरावती-अकोल्याच्या पदव्युत्तर वर्गात या वऱ्हाडी कादंबरीविषयी इंग्रजीतून लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाला चैतन्यवाचक शब्दांची वाण नसते. ‘लाइव्हली’, ‘व्हिवेशस’, ‘स्पिरिटेड’, ‘फाइस्टी’ हे सारे हाताशी असतात. परंतु त्यांच्यातील भेद केवळ चैतन्याच्या मात्रेचा नाही. ते चैतन्य कोण आणि कोठून पाहतो आहे, याचा आहे. म्हणूनच ही निवड नैतिक ठरते.

‘व्हिवेशस’ची व्युत्पत्ती मोहात पाडणारी आहे. मूळ लॅटिन शब्दात दीर्घायुष्याचा, चिवटपणे जीव धरून राहण्याचा अर्थ होता. दारिद्र्यात संसार तगवू पाहणाऱ्या कौतिकला तो चपखल बसला असता. प्रचलित इंग्रजीत मात्र हा शब्द प्रामुख्याने स्त्रियांविषयी योजला जातो आणि चारचौघांचे मन रिझवणारी प्रसन्नता सुचवतो. व्युत्पत्तीचा दाखला देऊन वापराची जबाबदारी टाळता येत नाही. ‘फाइस्टी’त झुंजारपणा आहे; पण त्याच्या मुळाशी एक क्षुद्र कुत्रे आहे, आणि त्याच्या प्रशंसेत वरून पाहिल्याचा भाव उरतोच. ‘स्पिरिटेड’ घोड्यालाही लागतो. ‘लाइव्हली’ निरुपद्रवी खरा, पण तो आनंदी गजबजीकडे झुकतो. या शब्दांनी एका बाईची धडपड प्रेक्षणीय होते.

अशा वेळी विशेषणच टाळून क्रियापदांवर भिस्त ठेवावी, असे कोणी म्हणेल. अनुवादकाला ते साधेल. समीक्षकाला नाही, कारण गुणाला नाव देणे हेच त्याचे काम. मराठी समीक्षाही येथे निर्दोष नाही. ‘जिवंत व्यक्तिरेखा’ असे आपण म्हणतो तेव्हा श्रेय लेखकाच्या कौशल्याला जाते आणि त्या बाईचे जगणे बाजूला राहते.

कादंबरीचे शीर्षक येथे मार्गदर्शक ठरावे. धग ही ज्वाळेसारखी दुरून न्याहाळायची गोष्ट नव्हे. ती जवळ जाणाऱ्याला लागते. या कसोटीवर मला ‘अलाइव्ह’ हा साधा शब्द अधिक प्रामाणिक वाटतो. इंग्रजी व्याकरणात तो सहसा नामाआधी बसत नाही. त्यामुळे अलंकारासारखा व्यक्तीवर चढवता येत नाही. कौतिक जिवंत आहे, असे पूर्ण विधानच करावे लागते. आणि विधान केले की ते सिद्ध करण्याचे दायित्वही येते.