पोटासाठी वाजवणं

यंदाच्या पंचकल्याणक पूजेत माझ्या धाकट्या दिरांचा मुलगा कीबोर्डवर होता. मिरजेला जाऊन सात वर्षं हार्मोनियम शिकलेला पोरगा, आणि वाजवत काय होता, तर सिनेमाच्या चालीवर बसवलेलं भजन. मुकुट घातलेले इंद्र-इंद्राणी त्यावर नाचत होते. घरी आल्यावर मला राहवलं नाही. "हेच वाजवायला शिकलास का रे?" तो शांतपणे म्हणाला, "काकू, यमनवर कुणी सवाल बोलत नाही."

रागच आला. पण मग गोव्याचे ते वादक आठवले.

हळदोण्याचा अंतोनियो झेवियर वाझ, मुंबईचा चिक चॉकलेट, ताज हॉटेलात ट्रम्पेट वाजवायचा. लोक त्याला हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. १९४९ साली मुंबईत दारूबंदीचा कायदा आला आणि हॉटेलातली नाचगाणी रोडावली. काम होतं ते सिनेमाच्या स्टुडिओत. आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र चाली बांधायचे, आणि त्यांच्या 'अलबेला'त (१९५१) जी जाझची उसळी आहे ती या चिकच्या हाताची. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेली ही गोव्याची माणसं. पन्नास वादकांनी कधी काय वाजवायचं ते कागदावर लिहून द्यायची. पैसे मिळाले. पण गाणं घरोघर पोचलं तरी व्हायोलिन कुणाचं, सॅक्सोफोन कुणाचा, हे बहुतेकांना कधी कळलं नाही.

त्यांनी कला विकली का? पटकन हो म्हणावंसं वाटतं. पण ताजमध्ये तरी ते कुठे तपश्चर्या करत होते? तिथेही साहेब-मडमांच्या पायांसाठीच वाजवायचे. जाझ म्हणजे मुळात नाचाचंच संगीत. नुसतं गिऱ्हाईक बदललं.

माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांचं तसं नव्हतं. त्यांनी स्टुडिओत भरपूर वाजवलं, प्यारेलालना व्हायोलिन शिकवलं. पण मनात होतं की आपल्या रागांना पाश्चात्त्य वाद्यमेळ्यात बसवावं. १९५८ साली त्यांनी इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला. लता मंगेशकर, मन्ना डे त्यात गायले. तो टिकला नाही. १९६५ च्या सुमारास ते अमेरिकेला गेले, परत येऊन गावी गप्प राहिले, २०१२ साली वारले. आणि त्यांचं नाव सगळ्या देशाला ठाऊक झालं कशामुळे? १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त प्यारेलालनी गुरूचं नाव घातलं म्हणून! मोठ्या अंड्यातून बाहेर पडून अमिताभ ते नाव गातो. सिंफनी कुणी ऐकली नाही, अंडं सगळ्यांनी पाहिलं.

ह्याला यश म्हणायचं की अपयश? आमच्या घरी अशा वेळी अनेकांतवाद काढतात, म्हणजे हेही खरं, तेही खरं, जेवायला बसा. मला ते पुरत नाही. लोकांना हवं ते देणं वेगळं, आणि आपल्याकडे आहे त्याहून हलकं देणं वेगळं. दुसऱ्यात लबाडी आहे. चिकने हलकं दिलं नाही, सिनेमातही तो जीव ओतूनच वाजवायचा. पण रोज हात राखून वाजवलं तर हात तसाच होत असणार, ही भीती मला त्या पोराबद्दल वाटते.

तरी माझं तोंड कितपत उघडावं? निपाणीत राहून! आमच्या घरी कुणी विडी ओढली नाही, पण सासऱ्यांच्या वखारीत तंबाखूच होता. त्यावर माझं घर झालं, आणि कॉलेजची पुस्तकं कपाटात लागली. कुणाला शुद्धतेचा पाठ द्यायला बसले की मला तो वास येतो.

पूजेच्या शेवटच्या दिवशी आरतीला अजून वेळ होता, माणसं जेवणाच्या मंडपाकडे निघाली होती. त्यानं कीबोर्ड बाजूला सारून कुणाची तरी जुनी पेटी ओढली आणि भैरवी वाजवली, पाचेक मिनिटं. माइक बंदच होता. दोन म्हाताऱ्या बायका चपला शोधता शोधता थांबल्या, आणि मी.