मुदत संपलेली सही आणि काळाचे प्रामाण्य

१ मे २०१८ पासून महाराष्ट्रात तलाठ्याच्या डिजिटल सहीचा सातबारा मिळू लागला. दर्यापूरच्या किंवा अकोटच्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी लागणाऱ्या अशा उताऱ्यावर शिक्का लागत नाही. शिक्क्याचे काम सहीमागचे प्रमाणपत्र करते. त्या प्रमाणपत्रात दोन तारखा असतात, केव्हापासून ग्राह्य आणि केव्हापर्यंत ग्राह्य. ही मुदत दोन-तीन वर्षांत संपते. मग शेत कुणाचे हे सांगणारे वाक्यही तिच्याबरोबर खोटे ठरते का? मीमांसक म्हणतात, ज्ञान स्वतःच प्रमाण असते. बाधक निघेपर्यंत ते मानावे. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून ठरते, ते तपासावे लागते. डिजिटल सही उघडच न्यायाच्या पक्षाची आहे. तिचे प्रामाण्य दुसऱ्याच्या साक्षीवर उभे असते आणि ती साक्ष ठरावीक काळापुरती असते. सही झाली त्या क्षणी प्रमाणपत्र मुदतीत होते हे विश्वासार्ह कालनोंदीने सिद्ध झाले, तर नंतर मुदत संपल्याने त्या सहीला बाध येत नाही. म्हणजे सारा भार येतो तो क्षण नेमका वाचण्यावर. आणि इथे वाचणाऱ्याने अंदाज करू नये, असे माझे ठाम म्हणणे आहे. काळाचा अंदाज करणारा वाचक साक्षीदाराच्या तोंडी स्वतःचे शब्द घालतो.

वैशेषिकांनी काळ हे एक, अखंड, नित्य द्रव्य मानले. क्षण, दिवस, वर्ष हे भेद त्यांच्या मते उपाधीने येतात. प्रमाणपत्रे वाचताना हे मत फार उपयोगी पडते, कारण तिथे काळ दोन तऱ्हांनी लिहिला जातो. २००८ च्या आरएफसी ५२८० या नियमावलीनुसार २०४९ पर्यंतच्या तारखांत वर्षाचे दोनच अंक लिहायचे आणि २०५० पासून चार. दोन अंक ५० किंवा त्याहून मोठे असतील तर शतक विसावे, लहान असतील तर एकविसावे. ४९ म्हणजे २०४९, पण ५० म्हणजे १९५०. कोणती तऱ्हा वापरली आहे हे अंकांआधीची खूण सांगते. ती खूण न पाहता नुसत्या अंकांवरून ठरवणारा प्रोग्राम बहुतेक वेळा बरोबर येतो, आणि म्हणूनच त्याची चूक लवकर उघडी पडत नाही. आपल्या परंपरेला ही अडचण जुनीच आहे. नुसते ‘विश्वावसु संवत्सर’ म्हटले तर शके १८८७ की १९४७ हे कळत नाही, कारण साठ वर्षांनी तेच नाव परत येते. जुने लेख तपासणारे अभ्यासक म्हणून शक, संवत्सर, तिथी आणि वार एकमेकांशी ताडून पाहतात. मेळघाट ओलांडून उत्तरेला गेले की पौर्णिमान्त महिन्यांमुळे आपला फाल्गुन वद्य पक्ष तिथे चैत्राचा होतो. चंद्र तोच असतो, उपाधी तेवढी बदलते.

प्रमाणपत्रातली वेळ ग्रिनिचची असते. ३१ मार्चला रात्री २३:५९:५९ ला संपणारी मुदत अमरावतीत १ एप्रिलच्या पहाटे ५:२९:५९ पर्यंत चालते. तेव्हा सरकारी तारीख बदललेली असते, पण सूर्योदय व्हायचा असल्याने पंचांगाचा वार मात्र आदलाच असतो. यांतले कोणतेही माप खोटे नाही. मात्र साक्ष ज्या मापात दिली त्याच मापात ती वाचली पाहिजे.

यावर वेदान्ती विचारेल, काळ जर व्यावहारिकच आहे तर सेकंदांचा एवढा आग्रह कशाला? माझ्या मते आग्रहाचे कारणच ते आहे. व्यवहाराला पारमार्थिक आधार नसतो, त्याला संकेत पाळण्याचाच आधार असतो. संकेत ढिला झाला की तिथे काहीच उरत नाही. ज्या उपकरणांच्या प्रमाणपत्रांना ठरावीक अंत नाही, त्यांच्यासाठीही हीच नियमावली ३१ डिसेंबर ९९९९ ही तारीख घालायला सांगते. नित्य लिहायची सोय अंकांत नाही, म्हणून सर्वांत मोठा अंक नित्याच्या जागी बसवला. हे तत्त्वज्ञान नव्हे, पण यात प्रामाणिकपणा आहे, कारण त्या तारखेचा अर्थ आधीच सर्वांना सांगून ठेवला आहे.

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. तारखेत सेकंद लिहायचे राहिले म्हणून प्रोग्रामने सही नाकारली, तर पेरणीच्या तोंडावर कर्ज अडते ते शेतकऱ्याचे. चूक तर दुसऱ्याचीच असते. मग वाचणाऱ्याने थोडे समजून का घेऊ नये? घ्यावे, पण ते काम माणसाचे आहे. प्रोग्रामने मनाने शून्य सेकंद भरले आणि दुसऱ्या प्रोग्रामने एकोणसाठ, तर एकच सही एका बँकेत खरी आणि दुसरीत खोटी ठरेल, आणि का ते त्या शेतकऱ्याला कुणीच सांगू शकणार नाही. प्रोग्रामने स्पष्ट नकार द्यावा आणि कारण मराठीत दाखवावे. तलाठी कार्यालयाने नवा उतारा विनाशुल्क द्यावा, आणि तो येईपर्यंत बँकेच्या अधिकाऱ्याने मूळ नोंद पाहून अर्ज पुढे चालू ठेवावा.