देहाचा करारनामा

इंग्लंडचे रग्बीपटू स्टीव्ह थॉम्पसन २२ नोव्हेंबर २००३ रोजी सिडनीत विश्वविजेत्या संघातून खेळले. ऑस्ट्रेलियावर २० विरुद्ध १७ गुणांनी मिळविलेल्या त्या विजयाचे चित्रण आज कोणासही पाहता येते. परंतु ज्यांच्या मानेने आणि खांद्यांनी त्या विजयाचा भार वाहिला, त्या थॉम्पसन यांना तो सामना मुळीच आठवत नाही. अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी, डिसेंबर २०२० मध्ये, आपणांस अकाली स्मृतिभ्रंश जडल्याचे त्यांनी जाहीर केले, आणि मस्तकावर वर्षानुवर्षे बसलेल्या धक्क्यांकडे, विशेषतः दोन्ही बाजूंचे खेळाडू खांदे भिडवून एकमेकांना रेटतात त्या, सरावात तासन्तास चालणाऱ्या ‘स्क्रम’कडे, बोट दाखविले.

थॉम्पसन खेळत त्या ‘रग्बी युनियन’ या प्रकारात खेळाचा मोबदला घेणे ऑगस्ट १९९५ पर्यंत निषिद्ध होते. तो निर्बंध उठला, गरिबाघरच्या मुलासही या खेळावर संसार उभा करता येऊ लागला, हे न्याय्यच झाले. थॉम्पसन हे त्या पहिल्या पगारदार पिढीतले. मात्र ज्याची चूल खेळावरच पेटते, त्याला डोके गरगरत असतानाही ‘आज मी उतरणार नाही’ असे म्हणणे किती जड जात असेल!

खेळाबाहेरही आधार राखणाऱ्या खेळाडूचे उदाहरण आपल्याकडेच आहे. आपल्या पुण्याच्या वाहबिझ भरूचा यांच्या नेतृत्वाखाली जून २०१९ मध्ये मनिला येथे भारतीय महिला संघाने सिंगापूरला २१ विरुद्ध १९ असे हरविले. पंधरा जणींच्या रग्बीतील भारताचा तो पहिला आंतरराष्ट्रीय विजय. भरूचा व्यवसायाने फिजिओथेरपिस्ट. देशाची कर्णधार होऊनही खेळाबाहेरची एक विद्या त्यांनी हाती ठेवली, याचे मला फार मोल वाटते. अर्थात विनावेतन खेळणेच श्रेयस्कर, असे मी म्हणणार नाही. हौशी खेळाडूचेही मस्तक तितकेच नाजूक असते.

जून २०२५ मध्ये मुंबईत रग्बी प्रीमियर लीग भरली. कबड्डीपटूंप्रमाणे आता रग्बी खेळणाऱ्या आपल्या मुलांपुढेही करारनामे येतील, आणि यावेतच. पण दुखापतीनंतरच्या विश्रांतीचा तनखा आणि निवृत्तीनंतरचा औषधोपचार ही कलमे त्यांत नसतील, तर पालकांनी सही करू देऊ नये. तालमीतल्या वस्तादांना, कबड्डी-रग्बीच्या प्रशिक्षकांना आणि आईबापांना माझी कळकळीची विनंती आहे: डोक्याला मार बसलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नका, सामना अंतिम फेरीचा असला तरी.