वाटाड्याचा शब्द : घाटमाथ्यावरील एक प्रमाणविचार

जुन्नर तालुक्यातील नाणेघाटापासून जीवधन, ढाकोबा, दुर्ग आणि आहुपे अशा घाटमाथ्याने भीमाशंकरापर्यंत जाणारी तीन-चार दिवसांची पायवाट सह्याद्रीतील भटक्यांच्या चांगल्या परिचयाची आहे. तिची आखणी करताना मुक्काम, पाणी, शिधा आणि ऋतू यांचा विचार सगळेच करतात. परंतु या आखणीच्या मुळाशी असलेला ज्ञानाविषयीचा आणि श्रद्धेविषयीचा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. घाटघर, दुर्गवाडी किंवा आहुपे येथील एखाद्या अनोळखी वाटाड्याच्या शब्दावर जीव सोपवणे कोणत्या आधारावर योग्य ठरते, आणि तो शब्द एकदा मानला की कोठपर्यंत मानावा लागतो, हा तो प्रश्न होय.

भारतीय दर्शनांत या प्रश्नाचा सर्वांत बारकाईने विचार न्यायदर्शनाने केला आहे. प्रमाण म्हणजे यथार्थ ज्ञानाचे साधन. प्रत्यक्ष, अनुमान आणि उपमान यांच्या जोडीला गौतमाच्या न्यायसूत्रांनी शब्द हे चौथे प्रमाण मानले आणि आप्ताचा उपदेश अशी त्याची व्याख्या केली. आप्त म्हणजे नातलग नव्हे. ज्याने विषय स्वतः साक्षात जाणला आहे आणि जसा जाणला तसाच तो दुसऱ्याला सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त, असे भाष्यकार वात्स्यायन स्पष्ट करतो. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखेच लागू पडते, असेही तो पुढे सांगतो. ज्या समाजात ज्ञानाचा अधिकार बहुधा जन्मावरून ठरत आला, त्या समाजातील एका शास्त्रग्रंथाने शब्दाचे प्रामाण्य बोलणाऱ्याच्या कुळापासून वेगळे काढावे, ही गोष्ट फार मोलाची आहे, आणि तिचा हवा तेवढा गौरव अजून झालेला नाही.

या लक्षणात घाटमाथ्यावरील महादेव कोळी वाटाड्या पूर्णपणे बसतो. हिरडा गोळा करण्यासाठी, गुरे चारण्यासाठी किंवा बाजारहाटाला कोकणात उतरण्यासाठी पिढ्यानपिढ्या ज्या वाटा तुडवल्या गेल्या, त्यांचे ज्ञान त्याला ऐकून झालेले नसून पायांनी झालेले असते. नकाशावरून चालणाऱ्याजवळ असते ते अनुमान : समोच्चरेषा, म्हणजे सारख्या उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा, जेथे दाटीने येतात तेथे कडा असणार असा तर्क त्याला करता येतो, पण त्या कड्यातील नाळ गेल्या पावसाळ्यात दरड कोसळून बुजली की नाही, किंवा कोणत्या टाक्याचे पाणी माघानंतर पिण्याजोगे राहत नाही, हे नकाशा सांगत नाही. १,२०० मीटरांहून उंच असलेल्या ढाकोबाची कोकणाकडील बाजू सरळ तुटलेली असल्यामुळे धुक्याच्या सकाळी अनुमानातील लहानशी चूकही तेथे सुधारता येत नाही.

या मताला विरोधही जुना आहे. वैशेषिक आणि दिङ्नागासारखे बौद्ध तार्किक शब्दाला स्वतंत्र प्रमाण मानत नाहीत; बोलणारा विश्वासार्ह आहे, म्हणून त्याचे बोलणे खरे असणार, असे ते अनुमानच आहे, असे त्यांचे म्हणणे. जुन्नरभोवती लेण्याद्री, मानमोडी, शिवनेरी आणि तुळजा येथे ज्या भिक्षुसंघासाठी लेणी कोरली गेली, त्याच्या परंपरेतही केवळ कोणी सांगितले म्हणून न मानता पारखून घेण्यावर भर होता. हा आक्षेप हलका नाही, आणि आखणीच्या टप्प्यावर तो पुष्कळसा खराही आहे, कारण वाटाड्या निवडताना त्याची चौकशी करणे, आधीच्या माणसांचे अनुभव विचारणे, हे सारे अनुमानच असते. परंतु चालणे सुरू झाल्यावर दोन वाटा फुटतात तेथे ‘डावीकडे’ हा शब्द ऐकणारा मनुष्य व्याप्ती आणि हेतू ही अनुमानाची अंगे जुळवत बसत नाही, त्याला थेट वाटेचे ज्ञान होते. विश्वास बसवणे आणि विश्वासाने जाणणे या दोन निरनिराळ्या क्रिया आहेत, आणि येथे नैयायिकांची, म्हणजे न्यायदर्शनाची, बाजू अधिक बळकट वाटते.

जुन्नरभोवतीच्या याच लेण्यांतील एका शिलालेखात इरिल नावाच्या यवनाने, म्हणजे ग्रीक वंशाच्या किंवा त्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परदेशीयाने, पाण्याची दोन टाकी दान दिल्याची नोंद आहे. वात्स्यायनाने म्लेच्छाच्या शब्दाला आर्याच्या शब्दाशेजारी बसवले त्याच्या काही शतके आधी म्लेच्छाने दिलेले पाणी या डोंगरांनी स्वीकारले होते.

शब्दप्रामाण्याची खरी अडचण मात्र पुढे येते. न्यायसूत्रे शब्दाचे दोन प्रकार मानतात : ज्याचा विषय इहलोकी पडताळता येतो तो दृष्टार्थ, आणि ज्याचा येत नाही तो अदृष्टार्थ. वाटाड्या पाण्याविषयी बोलतो तसाच देवराईविषयीही बोलतो. देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेले रान; दुर्गवाडी आणि आहुपे या परिसरात अशी राने आजही उभी आहेत, आणि त्यांत पायताण घालून जाऊ नये, वाळलेली काटकीसुद्धा चुलीसाठी उचलू नये, अशी बंधने सांगितली जातात. शहरातून आलेला पदयात्री पहिला शब्द ज्ञान म्हणून घेतो आणि दुसरा अंधश्रद्धा म्हणून सोडून देतो. एकाच मुखातून आलेल्या शब्दाची अशी वाटणी करण्याचा अधिकार त्याला कोठून मिळाला?

वेदाच्या बाबतीत नैयायिकांनी दिलेले उत्तर असे की मंत्र आणि आयुर्वेद यांची सत्यता जशी पडताळून दिसते, तशीच त्याच आप्तांनी सांगितलेल्या अदृष्ट विषयांचीही मानावी. हा युक्तिवाद देवराईला जसाच्या तसा लावता येणार नाही, कारण राईतील देवता वाटाड्याने साक्षात जाणली आहे असा त्याचा स्वतःचाही दावा बहुधा नसतो; त्याने ती वाडवडिलांकडून ऐकलेली असते. तरीही देवतेविषयीचे विधान आणि राईतील वर्तनाविषयीची आज्ञा यांत भेद केला पाहिजे. विधानाबाबत ऐकणाऱ्याने निर्णय राखून ठेवणे प्रामाणिकपणाचे आहे. आज्ञा मात्र त्याच्यावर बंधनकारक आहे, कारण त्या रानाची मर्यादा काय आहे हे त्या रानाशेजारी राहणारेच जाणतात आणि त्या ज्ञानात ते निःसंशय आप्त आहेत. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातील देवरायांचा अभ्यास करून जैवविविधता टिकवण्यातील त्यांचे महत्त्व अभ्यासकांपुढे मांडले. पण त्या अभ्यासामुळेच आज्ञा मान्य झाली असे म्हणणे म्हणजे वाटाड्याचा शब्द पुन्हा अनुमानाच्या पदरी बांधणे होय. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले, तेथील नियम वनखात्याच्या सहीमुळे पाळले जातात. देवराईचा नियम सहीशिवाय पाळण्यातच त्याचा धर्म आहे.

आप्ताच्या ज्ञानालाही सीमा असते, हे याच परिसरातील आंबेगाव तालुक्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ३० जुलै २०१४ रोजी मुसळधार पावसात माळीण गावावर डोंगर कोसळला आणि १५१ माणसे मृत्युमुखी पडली. त्या डोंगराला ओळखणारी माणसेच त्याखाली गेली. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगताना अधिष्ठान, कर्ता, साधने आणि निरनिराळ्या चेष्टा यांच्यानंतर दैव पाचवे ठेवले आहे. दैवाचा येथील अर्थ आधीच्या चारांत मोजता न येणारा भाग असा घेतला, तर आखणीत त्याच्यासाठी जागा सोडणे ही श्रद्धेइतकीच विवेकाचीही बाब ठरते. पावसाळ्यात ही वाट टाळणे आणि एक दिवस राखीव ठेवणे हे त्या जागेचेच व्यवहारातील रूप आहे.

उरतो मोबदल्याचा प्रश्न. पैसे घेऊन दिलेला शब्द आप्ताचा राहतो का, अशी शंका तीर्थयात्रेची भावना मनात धरून निघणाऱ्यांना येते. मीमांसकांनी यज्ञातील दक्षिणेबद्दल याचा निकाल फार पूर्वीच लावला आहे : ऋत्विजांना, म्हणजे यज्ञ चालवणाऱ्या पुरोहितांना, मिळणारी दक्षिणा म्हणजे दान नव्हे, तर त्यांच्या श्रमाचे मोल देऊन त्यांना कर्मासाठी नियुक्त करणे, ज्याला ते परिक्रय म्हणतात, आणि या परिक्रयाने यज्ञाचे पावित्र्य उणावत नाही. या वाटेच्या आरंभीच, नाणेघाटातील लेण्यात, सातवाहन राणी नागनिकेचा मानला जाणारा ब्राह्मी लेख यज्ञांच्या नावांबरोबर गायी, हत्ती आणि कार्षापण नाणी अशा दक्षिणेचे आकडे नोंदवतो, आणि त्यात कोणताही संकोच दिसत नाही. मोलाने शब्द बिघडत नाही, अटीने बिघडतो. मुक्कामी पोचलो तरच पूर्ण पैसे, असे ठरले की जसे पाहिले तसे सांगण्याच्या इच्छेत दुसरी इच्छा मिसळते, आणि आप्तत्वाचे दुसरे अंग तेथेच दुबळे होते. म्हणून ढाकोबाच्या पायथ्याशी वाटाड्याने आकाश पाहून परत फिरायला सांगितले तर त्या दिवसाची मजुरी पुरी मिळेल, हे घाटघर सोडण्याआधीच त्याच्याशी स्पष्ट बोलून ठरवावे लागते.