भेदरलेलं मांजर

रस्त्यावरून सोडवून घरी आणलेलं मांजर फिसकारतं, ओरबाडतं, कपाटामागे दडून बसतं, ते बहुधा भीतीपोटी. पिल्लाला माणसाची सवय मुख्यतः दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात लागते. तो काळ हुकला की विश्वास बसायला महिनेही लागतात. मांजर गादीवर मुतू लागलं तर आधी पशुवैद्याला दाखवावं, मूत्रमार्गाचा आजार असू शकतो. सुरुवातीला एकच शांत खोली द्यावी. लपायला खोकं ठेवावं आणि शी-शूसाठीचा लिटर ट्रे खाण्यापिण्यापासून दूर. मारल्याने, ओरडल्याने भीती वाढतेच. रोज ठरल्या वेळी खाऊ घालावं, जवळ जमिनीवर बसावं, नजर रोखू नये. कान मागे गेले, शेपटी झटकू लागली की हात आवरावा. जवळ कधी यायचं, हे मांजरालाच ठरवू द्यावं. असा धीर धरणं हीच भूतदया.